मागील डिफरन्शियलचे कुलूप : संज्ञा, कार्य आणि निवड

‘डिफरन्शियल लॉक’ ही संज्ञा मोटारींच्या व्यवहारात आता सर्वत्र रूढ झाली असली, तरी तिच्या पोटात परस्परांहून अगदी भिन्न अशा यंत्रणांचा समावेश होतो. ही भिन्नता केवळ तांत्रिक स्वरूपाची नाही. जे वाहन आठवड्यातील बहुतेक दिवस डांबरी रस्त्यावर आणि उरलेल्या दिवशी शेताच्या अथवा डोंगराच्या कच्च्या वाटेवर चालवावयाचे आहे, त्याच्या मागील आसासाठी कोणते कुलूप पत्करावे, या प्रश्नाचे उत्तर त्या भिन्नतेवरच अवलंबून आहे. निवड चुकली तर पैसा वाया जातो, एवढेच नव्हे. पावसाळ्यातील घाटात ती जिवावरही बेतू शकते. म्हणून प्रथम कार्याचे विवेचन, नंतर संज्ञांचा उलगडा आणि शेवटी निवडीचा विचार, या क्रमाने विषयाची मांडणी करणे इष्ट ठरेल.

१. डिफरन्शियलचे प्रयोजन

बैलगाडीला डिफरन्शियलची गरज नसते. तिचा आस स्थिर असतो व दोन्ही चाके त्याभोवती स्वतंत्रपणे फिरतात. गाडी वळली की बाहेरचे चाक अधिक व आतले चाक कमी फिरते आणि त्यात कशाचाही अडथळा येत नाही. मोटारीची गोष्ट निराळी आहे. तिची मागील चाके ओढली जात नाहीत, तर इंजिनाच्या शक्तीने आसामार्फत फिरवली जातात. ती दोन्ही एकाच अखंड आसाला जखडली, तर त्यांना सारखेच फेरे घ्यावे लागतील आणि प्रत्येक वळणावर टायर रस्त्यावर घासत जातील.

हा फरक किरकोळ समजण्याचे कारण नाही. मागील दोन चाकांमधील अंतर १.५ मीटर धरले, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.३६ मीटर अधिक अंतर कापते. वळण ऐसपैस असो वा आखूड, हा फरक तेवढाच राहतो. जीपसारख्या वाहनाच्या चाकाचा परीघही साधारणतः तितकाच असतो. म्हणजे प्रत्येक काटकोनी वळणात बाहेरच्या चाकाला जवळजवळ एक पूर्ण फेरा अधिक घ्यावा लागतो. ही मुभा देणारी दंतचक्रांची योजना म्हणजे डिफरन्शियल होय. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर याने ती एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाफेच्या वाहनासाठी सिद्ध केली. तिचे मूलतत्त्व आजही तेच आहे.

२. मोकळ्या डिफरन्शियलचा दोष

साधे, म्हणजेच मोकळे, डिफरन्शियल दोन्ही चाकांना भिन्न गतीने फिरू देते. परंतु फिरवणारे बल, अर्थात टॉर्क, ते दोघांना समसमानच वाटते. एक चाक चिखलात असेल, तर त्या चाकाला जेवढी पकड मिळते तेवढेच बल कोरड्या जमिनीवरील दुसऱ्या चाकाच्या वाट्याला येते. दुबळ्या चाकाची मर्यादा ही सबळ चाकाचीही मर्यादा ठरते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. १८०० किलो वजनाच्या वाहनाच्या प्रत्येक चाकावर ४५० किलो भार आहे आणि शक्ती फक्त मागील चाकांना मिळत आहे, असे मानू. ओल्या चिखलातील चाकाला भाराच्या एकदशांश, म्हणजे ४५ किलो, आणि खडबडीत कोरड्या जमिनीवरील चाकाला सातदशांश, म्हणजे ३१५ किलो, इतकी पकड मिळते. मोकळ्या डिफरन्शियलमुळे वाहन पुढे ढकलणारे बल ४५ अधिक ४५, म्हणजे अवघे ९० किलो होते. दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या वाटेवर केवळ वजन वर नेण्यासाठीच १८० किलो बल लागते. अर्थात वाहन जागीच राहते व चिखलातले चाक गरगर फिरत खोल जाते. दोन्ही चाके एकत्र जखडली, तर मात्र ४५ अधिक ३१५, म्हणजे ३६० किलो बल उपलब्ध होते आणि तोच चढ सहज चढता येतो. कुलपाची सारी उपयुक्तता या दोन बेरजांमधील अंतरात सामावलेली आहे.

३. कुलूप कोण लावतो?

बाजारातील यंत्रणांचे वर्गीकरण त्यांच्या रचनेवरून करण्याची प्रथा आहे. वाहन वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र निराळा निकष अधिक उपयोगी आहे : कुलूप लावण्याचा व काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे? या निकषावर तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलांचा. वस्तुतः हे कुलूपच नव्हे. घर्षणाच्या चकत्यांनी किंवा मळसूत्री दंतचक्रांनी ते पकड असलेल्या चाकाकडे बलाचा अधिक वाटा वळवते. दंतचक्रांच्या प्रकारात, ज्यात टॉर्सन हे नाव प्रसिद्ध आहे, हा वाटा दुबळ्या चाकाच्या ठराविक पट असतो. तो तिप्पट धरला, तर वरील उदाहरणात ४५ अधिक १३५, म्हणजे १८० किलो बल मिळेल. ते चढाच्या अगदी काठावरचे आहे. चाक हवेत अधांतरी राहिले, तर शून्याची तिप्पट शून्यच होते. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून कृत्रिम अवरोध निर्माण करण्याची पद्धतही याच वर्गात बसते. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती जिम्नीत ती आढळते.

दुसऱ्या वर्गाला ‘यंत्राधीन कुलूप’ म्हणता येईल. येथे निर्णय यंत्र घेते. त्यातही दोन पोटभेद आहेत. डेट्रॉइट लॉकरसारख्या यंत्रणेत जखडलेली अवस्था हीच मूळ अवस्था असते. वळणावर बाहेरचे चाक तेवढ्यापुरते सुटते आणि सगळे बल आतल्या चाकावर जाते. दुसऱ्या पोटभेदात मूळ अवस्था मोकळी असते. ईटन कंपनीच्या यांत्रिक लॉकरमध्ये दोन्ही चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की वजनाच्या लहान ठोकळ्यांची योजना जागी होऊन चाके जखडली जातात. वाहनाचा वेग ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या वर असेल, तर ती जखडण्याची क्रिया घडतच नाही.

तिसरा वर्ग ‘चालकाधीन कुलुपा’चा. हवेच्या दाबाने, विजेच्या चुंबकाने किंवा दांडीने, चालक इच्छेल तेव्हा ते लागते. एरवी डिफरन्शियल पूर्णतः मोकळे असते. ऑस्ट्रेलियातील एआरबी कंपनीचा एअर लॉकर हे त्याचे जगभर परिचित उदाहरण होय. कोल्हापूर जिल्ह्याला मात्र हे तत्त्व परके नाही. उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढणारा ट्रॅक्टरचालक पायाजवळचे कुलपाचे पेडल नित्य वापरतो आणि त्याचा नियमही जाणतो : सरळ जाताना दाबावे, वळण्यापूर्वी सोडावे.

४. एका विशेषणाचे दोन अर्थ

या वर्गीकरणाची आवश्यकता विक्रीच्या परिभाषेमुळे अधिकच जाणवते. महिंद्रा कंपनीच्या थारमध्ये, २०१५ च्या सुधारित आवृत्तीत तसेच २०२० मध्ये आलेल्या नव्या पिढीच्या काही प्रकारांत, ‘मेकॅनिकल’ लॉकिंग डिफरन्शियल मिळू लागले. फोर्स मोटर्सच्या २०२१ च्या गुरखा वाहनातही पुढील व मागील कुलपे ‘मेकॅनिकल’च म्हटली जातात. विशेषण एकच, अर्थ मात्र परस्परविरुद्ध. थारच्या बाबतीत ‘मेकॅनिकल’ म्हणजे चालकाच्या हस्तक्षेपाविना आपोआप लागणारे. गुरखाच्या बाबतीत ‘मेकॅनिकल’ म्हणजे चालकाने स्वतः दांडी ओढून लावावयाचे. २०२४ च्या थार रॉक्समधील काही प्रकारांत ‘इलेक्ट्रॉनिक’ कुलूप आले, ते बटणाने लागणारे, म्हणजे पुन्हा चालकाधीन. नावावरून वर्ग ठरवणारा ग्राहक त्यालाच स्वयंचलित समजण्याचा संभव आहे. विशेषण शक्तीचा प्रकार सांगते, अधिकार कोणाचा हे सांगत नाही. म्हणून खरेदीपूर्वी विचारावयाचा प्रश्न ‘कुलूप कोणत्या जातीचे?’ हा नसून ‘ते कोण लावतो आणि केव्हा सुटते?’ हा आहे.

५. कोल्हापूरच्या भूमीवरील निवड

कुलूप चिखलात काय करते, यावरच बहुधा चर्चा होते. नित्य वापराच्या वाहनाच्या बाबतीत मात्र ते नको असताना काय करते, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे. कारण वाहनाचे बहुतांश आयुष्य तशाच अवस्थेत जाते.

जिल्ह्याच्या पूर्वेस शिरोळ, हातकणंगले या तालुक्यांत काळी चिकट जमीन, तर पश्चिमेस राधानगरी, गगनबावडा भागात जांभा व तांबडी माती आहे. गगनबावड्यास पडणारा पाऊस शिरोळच्या कित्येक पट असतो. तेथूनच करूळ व भुईबावडा हे घाट कोकणात उतरतात. अशा घाटात ओल्या वळणावर दोन्ही चाके अकस्मात जखडली गेली, तर काय होईल? मोकळ्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले तरी दुसरे आडव्या दिशेची पकड बरीचशी टिकवून धरते आणि वाहनाचा मागील भाग जागेवर राहतो. जखडलेली चाके घसरतात ती दोन्ही मिळून. मग मागील भाग उताराच्या बाजूस सरकतो. जे कुलूप चढ चढवते तेच आडव्या उतारावर वाहन घसरवते. आखूड बांध्याच्या वाहनात हा धोका अधिक असतो. तीन दारांच्या थारच्या पुढील व मागील आसांमधील अंतर २४५० मिलिमीटर आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

यावरून पुढील निष्कर्ष निघतात. सदैव जखडलेल्या अवस्थेकडे झुकणारे डेट्रॉइटसारखे कुलूप, किंवा डिफरन्शियलमधील फक्त लहान दंतचक्रे बदलून बसवले जाणारे त्याचे स्वस्त भावंड, नित्य वापराच्या वाहनास योग्य नव्हे. ज्याची वाट शेतरस्त्यापलीकडे क्वचितच जाते आणि चाक अधांतरी राहण्याचा प्रसंग येत नाही, त्याला मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल, किंवा वाहनात मुळातच असलेली ब्रेकची योजना व चांगले टायर, एवढे पुरेसे आहे. कारखान्यातूनच वेगाची मर्यादा असलेले यंत्राधीन कुलूप मिळाले असेल, तर ते काढून दुसरे बसवण्याचे कारण नाही. मात्र ते चाक फिरू लागल्यानंतरच लागते आणि कमी वेगाच्या निसरड्या वळणावरही लागू शकते, याची जाणीव चालकाने ठेवावी. ज्याला खरोखरच दगडगोट्यांच्या चढणी चढावयाच्या आहेत आणि त्याच वाहनाने सोमवारी कामावर जावयाचे आहे, त्याच्यासाठी चालकाधीन कुलूप हीच सर्वांत निर्दोष निवड होय.

६. बसवणुकीच्या अटी

बाहेरून आणलेले कुलूप बसवताना आसाच्या दांड्यावरील खाचांची संख्या आणि क्राऊन-पिनियनचे दंतप्रमाण जुळले पाहिजे. क्राऊन आणि पिनियन यांच्या दातांमधील मोकळीक सामान्यतः एकदशांश ते दोनदशांश मिलिमीटरच्या आसपास राखावी लागते. ती अंदाजाने नव्हे, डायल गेजने मोजावयाची असते. शिवाजी उद्यमनगरासारखी यंत्रकामाची परंपरा असलेल्या या शहरात असे हात दुर्मीळ नाहीत. परंतु काम देण्यापूर्वी मोजमापाची पद्धत विचारून घ्यावी. घर्षणाच्या चकत्या असलेल्या प्रकारास पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. वाहनाची हमी चालू असेल, तर या बदलाचा तिच्यावर होणारा परिणाम विक्रेत्याकडून लेखी घ्यावा.

चालकाधीन कुलुपाचा एक दोषही नमूद केला पाहिजे : ते चालकाइतकेच शहाणे असते. चिखलात शिरण्यापूर्वी लावावे, चाके फिरत असताना लावू नये, कठीण रस्त्यावर येताच काढावे, एवढी शिस्त ज्याच्यापाशी नाही त्याच्या हाती ते आस मोडण्याचे साधन ठरेल. उसाच्या फडातील चालकाने ही शिस्त पेडलाखाली पाय ठेवूनच आत्मसात केली आहे. मोटारीच्या मालकाने कुलूप विकत घेण्याआधी ती शिकणे, हाच निवडीचा पहिला टप्पा मानावा लागेल.