एकांताचे बेट आणि पाण्याखालची सोबत

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाघूर नदीच्या काठी पहूर हे गाव वसलेले आहे. तेथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ३०० किलोमीटर दूर पडतो. खानदेशातील मुले पोहावयास शिकतात ती विहिरीत, नाहीतर नदीच्या डोहात. समुद्राशी त्यांची ओळख बहुधा भूगोलाच्या पुस्तकातूनच व्हावयाची. तथापि सागर जितका दूर, तितकी त्याची ओढ अधिक, असेही पुष्कळदा दिसून येते. पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्याखाली उतरण्याची कला आता केवळ नौदलातील पाणबुड्यांपुरती राहिलेली नाही. मालवणास जाऊन एकदा पाण्याखालची सृष्टी पाहून आलेल्या माणसास ती पुन्हा पाहावीशी वाटते; आणि त्यातही एखाद्यास वाटते की, या वेळी मित्रमंडळींचा गलबला नको; एखादे दूरचे, शांत बेट शोधावे आणि एकट्यानेच जावे.

ही इच्छा निंद्य मुळीच नाही. प्रश्न आहे तो बेटाच्या निवडीचा. बेट शांत आहे की नाही, याची चौकशी प्रवासी सर्वांआधी करतो. वास्तविक ती सर्वांत शेवटी करावयाची असते. जे बेट अधिक दूर, तेथे मदत अधिक उशिरा पोहोचावयाची. आणि बुडी मारणाऱ्यास जो विशिष्ट आजार संभवतो, त्यात तासांना फार मोल असते. हे कसे, ते नीट उमगले म्हणजे निवड पुष्कळ सोपी होते.

प्रथम दूर जावे तरी का लागते, हे पाहू. पहुरावरून वाहणारी वाघूर तापीस मिळते आणि तापी सुरतेपाशी खंबायतच्या आखाताकडे समुद्रास मिळते. म्हणजे खानदेशास सर्वांत जवळचा समुद्र तो हाच. परंतु तापी, नर्मदा, मही, साबरमती या नद्या आपापल्या प्रांतांतील माती तेथे आणून ओततात आणि देशात सर्वांत मोठी समजली जाणारी तेथील भरती-ओहोटी ती माती सतत घुसळीत राहते. त्या पाण्यात उतरणाऱ्यास आपला हातही दिसावयाचा नाही. पोवळ्यांची वाढ व्हावयास उबदार आणि स्वच्छ पाणी लागते व त्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचावा लागतो. जेथे नदीचा गाळ येतो तेथे पोवळी गुदमरतात. म्हणून पाण्याखालची रंगीत सृष्टी पाहावयाची असेल तर नद्यांच्या मुखांपासून दूर गेले पाहिजे. दूरच्या बेटांचे आकर्षण हे असे केवळ मनाचे नसून त्यास निसर्गाचाच आधार आहे.

आता पाण्याखाली शरीराचे काय होते ते पाहावे. खोल विहिरीत सूर मारून तळाची माती वर आणणाऱ्या मुलास कानात कळ येते, हा अनुभव खानदेशात घरोघर ठाऊक आहे. ही कळ पाण्याच्या दाबाची. पृष्ठभागावर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. दर १० मीटर खोलीस त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरांवर दाब दुप्पट, २० मीटरांवर तिप्पट. विहिरीत उतरणारा मुलगा वरूनच भरून नेलेल्या एका श्वासावर जातो आणि तोच श्वास घेऊन परत येतो. नळकांड्यातील हवेवर जगणाऱ्याची गोष्ट निराळी. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो व एमिल गान्यां यांनी जे यंत्र सिद्ध केले, ते पाणबुड्यास आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पुरविते. त्यामुळे श्वास सुखाने घेता येतो; पण छातीत भरलेली ती हवा दाबलेली असते. १० मीटरांवर श्वास रोखून कोणी झटकन वर आला, तर तीच हवा वर येईतो दुप्पट जागा मागू लागते आणि फुप्फुसास इजा करते. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा की, पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये.

दुसरा धोका अधिक गुप्त आहे. आपण घेतो त्या हवेत चार-पंचमांशाजवळ नत्रवायू असतो. दाब वाढला की तो रक्तात व मांसपेशींत अधिक विरघळतो. सोडावॉटरची बाटली बंद असेतो तिच्यातील वायू डोळ्यांस दिसत नाही. ती एकदम उघडली की फेस उसळतो आणि हळूहळू उघडली तर वायू निमूटपणे निघून जातो. खोल पाण्यात बराच वेळ राहून घाईने वर येणाऱ्याच्या शरीराची स्थिती एकदम उघडलेल्या बाटलीसारखी होते. नत्रवायूचे बुडबुडे रक्तात व सांध्यांत उठतात. या आजाराचे मूळ नत्रवायूत आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ साली दाखवून दिले; आणि १९०८ साली इंग्लंडात जॉन स्कॉट हाल्डेन याने बोकडांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती टप्प्यांनी वर यावे याची कोष्टके तयार केली. आज पाणबुड्याच्या मनगटावरचे यंत्र हाच हिशेब क्षणोक्षणी करून दाखविते. मिनिटास ९ मीटरांहून अधिक वेगाने वर येऊ नये आणि पृष्ठभागापूर्वी ५ मीटरांवर ३ मिनिटे थांबावे, हा आजचा सर्वमान्य शिरस्ता आहे.

हे सर्व पाळूनही क्वचित कोणास हा आजार होतोच. सांधे दुखतात, हातापायांस मुंग्या येतात, विलक्षण थकवा वाटतो, कधी पाय लुळे पडतात. लक्षणे पाण्यात नव्हे, तर बाहेर आल्यावर काही मिनिटांनी, कधी काही तासांनी दिसू लागतात. प्रथमोपचार म्हणून शुद्ध प्राणवायू द्यावा लागतो आणि खरा उपाय म्हणजे रोग्यास दाबाच्या कोठीत ठेवून, दाब पुन्हा वाढवून, मग तो सावकाश उतरविणे. अशा कोठ्या थोड्या असतात व त्या बहुधा नौदलाच्या मोठ्या ठाण्यांजवळ किंवा मोठ्या शहरांत असतात. मुंबईस नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयापाशी या शास्त्राची स्वतंत्र संस्था आहे. बेटाचे अंतर मोजावयाचे ते यासाठीच. आणि ते किलोमीटरांत न मोजता, अशा कोठीपर्यंत पोहोचावयास लागणाऱ्या तासांत मोजावयाचे.

एकट्या प्रवाशास येथे एक विशेष अडचण आहे. आपल्याला काही झाले आहे, हे या आजारातील माणूस सहसा कबूल करीत नाही. ‘नळकांडी उचलली म्हणून खांदा दुखतो’, ‘बोटीत हेलकावे बसले म्हणून थकवा आला’, अशी समजूत घालून तो खोली बंद करून झोपी जातो. बरोबर कोणी असले तर चाल बदललेली त्याच्या ध्यानी येते, बोलणे अडखळलेले कानी पडते. एकट्याच्या खोलीत हे पाहणारे कोणी नसते. म्हणून एकट्याने जावे, पण एकट्याने बुडू नये. आणि पाण्याबाहेर आल्यावरही निदान एका माणसास आपली विचारपूस करण्याचे काम सांगून ठेवावे. पाण्याखाली दोघांनी एकमेकांस नजरेआड होऊ देऊ नये, ही रीत जगभर पाळली जाते. एकाची हवा संपली तर दुसऱ्याची उपयोगी पडते, हा तिचा अर्थ. तेव्हा बेटावर पाऊल ठेवण्यापूर्वीच, ‘एकट्या आलेल्यास सोबती कोण देता, आणि त्याच्याबरोबर आणखी किती जण असतात?’ हा प्रश्न पत्राने अथवा दूरध्वनीने विचारून घ्यावा. उत्तर गुळमुळीत आले तर ते बेट कितीही रम्य असले तरी सोडून द्यावे.

या कसोटीवर आपल्याकडची स्थळे घासून पाहू. मराठी माणसास सर्वांत जवळचे ते मालवण. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सभोवारच्या खडकांवर पोवळी व मासे आढळतात, आणि १९८७ पासून हा टापू सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. जवळच तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही विद्या शिकविणारी संस्था आहे. येथे एकांत नाही. सुटीत तर जत्राच असते, आणि पाणीही नेहमी निवळ नसते. परंतु शिकावयास हीच जागा योग्य. मात्र शिक्षकाने हात धरून दहा-पंधरा मिनिटे पाण्याखाली फिरवून आणले म्हणजे आपण पाणबुडे झालो, असे कोणी मानू नये. काही दिवसांचा रीतसर अभ्यास करून १८ मीटरांपर्यंत उतरण्याची पहिली पात्रता मिळविल्याखेरीज दूरच्या बेटाचा विचारच करू नये.

विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरांवर, कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरविणारी आंग्रिया बँक आहे. हे नाव ऐकून बेट शोधणाऱ्यास मोह पडेल. पण ते बेट नव्हेच. पाण्याखाली सुमारे २० मीटर दडलेले ते प्रवाळांचे पठार आहे. उभे राहावयास तेथे हातभरही जमीन नाही. सुसज्ज जहाज आणि जाणत्यांची तुकडी यांचेच ते काम. दक्षिणेस कर्नाटकात मुरुडेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटरांवर नेत्राणी हे निर्जन बेट आहे. तेथे मुक्काम नसतो. सकाळी होडीने जावे, बुडी घ्यावी आणि परत यावे. पात्रता मिळविलेल्या नवख्यास ही दुसरी पायरी चांगली, कारण किनारा हाकेवर नसला तरी त्याच दिवशी गाठता येतो.

खरा एकांत हवा असेल तर लक्षद्वीप. केरळच्या किनाऱ्यापासून २०० ते ४४० किलोमीटरांवर पसरलेली ही लहानमोठी सुमारे ३६ बेटे. सर्वांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, आणि वस्ती दहाएक बेटांवरच. नदी नावाला नाही, म्हणून पाणी काचेसारखे. प्रवाळांच्या कड्याआड उथळ, शांत पाणी असते, आणि कड्यापलीकडे समुद्र एकदम खोल होतो. नवख्याने आतच राहावे. यांपैकी बंगारम जवळजवळ निर्जन. अगदी दक्षिणेचे मिनिकॉय निराळ्या भाषेचे व निराळ्या रीतीचे. एकट्या प्रवाशास मात्र कडमत अधिक सोयीचे वाटावे. ते सुमारे नऊ किलोमीटर लांब आणि पुष्कळ ठिकाणी अर्ध्या किलोमीटरहूनही अरुंद आहे. २०११ च्या जनगणनेत तेथे पाच हजारांहून थोडीच अधिक माणसे होती. एवढ्या वस्तीत शांतता मिळते, पण शेजारही असतो. आजारी पडले तर दार ठोठावावयास जागा असते. लक्षद्वीपास जावयास सरकारी प्रवेशपरवाना लागतो आणि तेथील समाजाच्या रीतींचा मान राखावा लागतो, हे आधीच ध्यानात घ्यावे. अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पूर्वीचे हॅवलॉक, येथे बुडीची व्यवस्था मोठी आहे. पण म्हणूनच एकांत कमी.

ऋतू आणि पोवळ्यांची प्रकृती हीही पाहावयास हवी. पश्चिमेच्या समुद्रावर ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचाच काळ उपयोगाचा. पावसाळ्यात होड्या बंद. शिवाय समुद्राचे पाणी फार तापले की पोवळी पांढरी पडून मरतात. लक्षद्वीपात असे १९९८, २०१० व २०१६ साली मोठ्या प्रमाणावर घडले आणि २०२४ मध्येही घडले. तेव्हा जुनी चित्रे पाहून बेट निवडणाऱ्याची निराशा होण्याचा संभव असतो. अलीकडे जाऊन आलेल्यास विचारावे. आणि जी पोवळी उरली आहेत त्यांस स्पर्शही करू नये.

शेवटची गोष्ट परतीची, आणि खानदेशच्या माणसाने ती विशेष ध्यानात ठेवावी. बुडीनंतर शरीरात उरलेला नत्रवायू निघून जाण्यापूर्वी उंचावर गेले तर तेथील कमी दाबामुळे बुडबुडे उठू शकतात. म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, असा तज्ज्ञांचा संकेत आहे. सावध माणसे पुरता एक दिवस जाऊ देतात. विमानाचे पुष्कळांस ठाऊक असते, घाटाचे नसते. हा संकेत सुमारे ६०० मीटरांवरील उंचीस लागू आहे, आणि आंबोलीची उंची सुमारे ६९० मीटर आहे. दुपारी मालवणास बुडी घेऊन संध्याकाळी मोटारीने आंबोली चढणारा प्रवासी नकळत विमानात बसल्यासारखेच करतो. त्याने एक रात्र किनाऱ्यावर काढावी. लक्षद्वीपाहून परतताना अगत्तीच्या विमानापेक्षा कोचीचे जहाज बरे, कारण ते रात्रभर समुद्रसपाटीवरूनच आणते. पुढे एर्नाकुलमहून निघणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस कोकणातून येऊन, इगतपुरीचा घाट चढून जळगाव-भुसावळवरून उत्तरेस जाते. ती घाटाशी पोहोचेतो शरीरास पुरेसा अवधी मिळालेला असतो. येथे संथ प्रवास हाच सुरक्षित प्रवास ठरतो.

तात्पर्य, दूरचे बेट निवडताना प्रथम आपली पात्रता पाहावी, मग सोबती, मग दाबाच्या कोठीपर्यंतचे तास, मग ऋतू, मग परतीची वाट. आणि या सर्वांतून जी बेटे उरतील त्यांत सर्वांत शांत असेल ते घ्यावे. निघण्यापूर्वी बेटाचे नाव, बुडी शिकविणाऱ्यांचा पत्ता आणि परतीचा दिवस कागदावर लिहून घरी द्यावा. एकट्याने प्रवासास निघालेल्या मुलाची किंवा मुलीची काळजी आईबापांस लागणारच. परंतु पाण्याखाली आपले मूल एकटे नाही, एवढे त्यांस खात्रीने सांगता आले तर त्यांची झोप मोडणार नाही. एकांत वाळूवर हवा तेवढा घ्यावा. पाण्यात मात्र सोबत सोडू नये.