तंबोरा कुठं हरवतो?

जबलपूरजवळच्या शहपुऱ्यात बसून मुंबई-पुण्याचा रेडिओ ऐकायचा, तर पूर्वी रात्र व्हावी लागे. मध्यम लहरी शोषणारा आयनांबराचा खालचा थर सूर्य मावळला की विरतो. मग त्याच लहरी वरच्या थरावरून वळून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. खरखर असायची, पण तिच्यामागं तंबोरा असायचा. आता मोबाइलवर खरखर नाही, आणि तंबोराही नाही!

सीडीवरचा आवाज सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट खातो. मोबाइलवर येणाऱ्या 64 किलोबिटच्या प्रवाहात त्याचा जेमतेम बाविसावा हिस्सा उरतो. ही कात्री कानाचा स्वभाव ओळखून चालते: मोठ्या आवाजाआड दडणारे बारीक सूर आधी जातात. निवेदकाचं बोलणं त्यात तगतं. झांजा मात्र पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या वाटतात.

अडखळणं हे वेगळंच दुखणं. आवाज तुकड्यांनी येतो, फोन थोडा साठा करून मग वाजवतो. नेटवर्क रोडावलं की साठा संपतो. याच साठ्यापायी बातम्या फोनवर काही सेकंद उशिरा सुरू होतात. (त्यावरून घड्याळ लावू नये.) कमी किलोबिटचा पर्याय निवडला तर अडखळणं घटतं, तंबोरा मात्र आणखी दूर जातो.