उन्हात चढवलेले पाणी

वाघोलीतल्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांना ऊर्जेचा खर्च तीन वाटांनी येतो. महावितरणचे बिल ही पहिली वाट, वीज गेली की सुरू होणाऱ्या जनरेटरचे डिझेल ही दुसरी. तिसरी पाण्याच्या हिशेबात लपलेली असते. नगर रस्त्याच्या गर्दीतून वाट काढत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डिझेलवर धावतो, आणि त्याने ओतलेले पाणी तळटाकीतून गच्चीवर चढवायला पुन्हा वीज लागते. जून २०२१ अखेर पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी वाघोली हे एक. दगडखाणींचे गाव म्हणून ते पूर्वीपासून माहीत होते. इमारती झपाट्याने वाढल्या, नळाचे पाणी त्या वेगाने आले नाही. कोळसा आणि डिझेल सोडून सूर्याकडे वळायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे अशा ठिकाणी फार स्पष्ट दिसते.

वळायचे का, याचे उत्तर हवेत आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. ही भर मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने पडली. वाघोलीत दिवा लागतो तेव्हा त्यामागे चंद्रपूर, कोराडी, भुसावळसारख्या औष्णिक केंद्रांतला कोळसा असतो. एकट्या चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. देशाच्या ग्रिडमधून आलेल्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जनरेटरचा हिशेब त्याहून वाईट: लिटरभर डिझेल जाळून जेमतेम तीन युनिट हाती येतात आणि सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

परिणाम मोजणारे शास्त्रज्ञ पुण्यातच आहेत. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे बाष्प हे त्यांनी सांगितलेले एक मोठे कारण. एखादा पूर केवळ हवामानबदलामुळे आला असे म्हणता येत नाही. मात्र २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याचे पाणी घरांत शिरलेले ज्यांनी पाहिले, त्यांना थोड्या तासांत कोसळणारा पाऊस काय करतो हे समजावून सांगावे लागत नाही.

आता गच्चीचा हिशेब. एक किलोवॉटच्या सौर पॅनलला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. पुण्याच्या उन्हात ते वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देते. गावठाणातल्या घराला तीन किलोवॉटची जागा सहज मिळते. म्हणजे महिन्याला साडेतीनशे युनिट, कुटुंबाची गरज भागून वर उरण्याइतकी वीज. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत अशा घराला ७८ हजार रुपयांचे अनुदान ठरले.

अकरा मजली इमारतीत मात्र गणित बदलते. मजल्यावर चार याप्रमाणे ४४ सदनिका आणि साडेचार हजार चौरस फुटांची गच्ची धरू. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि त्यांच्या सावल्या वजा केल्या की निम्मी जागा उरते. तिच्यावर वीसएक किलोवॉट बसतात आणि महिन्याला सुमारे २,४०० युनिट मिळतात. घरटी दोनशे युनिट धरले, तर ४४ घरांना लागतात ८,८००. गावठाणातल्या माणसाला त्याचे अख्खे छप्पर मिळते, टॉवरमधल्या माणसाच्या वाट्याला गच्चीचा चव्वेचाळिसावा हिस्सा येतो. म्हणून ‘सोलर लावा, घरचे बिल शून्य करा’ ही जाहिरात उंच इमारतीला लागू पडत नाही. तिथे सौर वीज वापरायची ती सामाईक मीटरवर: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे आणि सांडपाणी शुद्धीकरणाचे यंत्र. त्या बिलाचा मोठा भाग वीस किलोवॉट नक्की उचलू शकतात. याच योजनेत सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये आहेत, म्हणजे या उदाहरणात ३ लाख ६० हजार. वर्षाला वाचणारा कार्बन डायऑक्साइड भरतो सुमारे वीस टन. ४४ घरांच्या एका इमारतीसाठी ही मोठीच गोष्ट आहे.

दोन गोष्टी विक्रेते क्वचित सांगतात. पहिली धुळीची. खडी, बांधकामे आणि अवजड वाहने यांच्यामुळे या भागात धुळीचा थर लवकर चढतो आणि वीज कमी होते. पॅनल दर पंधरवड्याला तरी पुसावे लागते, तेही सकाळी काच थंड असताना, मऊ वायपरने. बोअरचे जड पाणी काचेवर वाळले की पांढरे डाग राहतात, ते वीज अडवतात आणि पुढे निघता निघत नाहीत. दुसरी गोष्ट जनरेटरची. ग्रिडला जोडलेली साधी सौर यंत्रणा वीज गेली की आपोआप बंद पडते, बाहेर लख्ख ऊन असले तरी. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला उलट येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. अडकलेली लिफ्ट हलवायची तर बॅटरी आणि तिला चालणारा वेगळा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. नाहीतर डिझेल सुटत नाही.

यानंतर येतो या सगळ्या बदलातला सर्वांत अवघड प्रश्न, तो वेळेचा. पॅनल दुपारी बारा-एकच्या सुमाराला भरात असते. तेव्हा वाघोलीतली बरीचशी घरे कुलूपबंद असतात; माणसे खराडीत, रांजणगावात नाहीतर शहरात कामावर गेलेली असतात. संध्याकाळी सातला सगळे परततात, एसी, मिक्सर, गीझर, टीव्ही सुरू होतात, आणि तोवर सूर्य मावळलेला असतो. नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रिडला दिलेले युनिट संध्याकाळच्या युनिटमधून वजा होतात, म्हणून बिलावर सारे जुळलेले दिसते. पण ग्रिड म्हणजे विजेचे कोठार नव्हे. दुपारची वीज दुपारीच खपते आणि सातची वीज मुख्यतः कोळसाच देतो. २०२५ मध्ये भारताच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली, पॅरिस कराराखाली भारताने स्वतः ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी. तरीही प्रत्यक्ष विजेपैकी दोन तृतीयांशाहून अधिक अजून कोळशाची आहे. क्षमता आणि वीज यांतला हा फरक बराचसा घड्याळाचा आहे.

तेव्हा जे काम दुपारी होण्यासारखे आहे ते दुपारीच उरकणे, हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय. पाणी चढवणे हे असे काम आहे. ४४ घरांत पावणेदोनशे माणसे धरली, तर माणशी १३५ लिटरप्रमाणे दिवसाला चोवीस हजार लिटर पाणी लागते. ते चाळीस मीटर वर न्यायला, पंपात वाया जाणारी ऊर्जा धरून, सहा-सात युनिट लागतात. हे पाणी पहाटे चढवले तर त्यामागे कोळसा जळतो, अकरा वाजता चढवले तर गच्चीवरच्या पॅनलची वीज तिथल्या तिथे लागते. पाणी एकदा वर गेले की रात्री नळ सोडायला वीज लागत नाही. दिवसभराचे पाणी मावेल एवढी टाकी मात्र हवी, आणि नव्या बांधकामात ती आधीच धरणे सोपे जाते.

शेतीतही हेच सूत्र आहे. वाघोलीच्या पुढे शिरूर तालुक्यातले शेतकरी वर्षानुवर्षे रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी देत आले. अंधार, साप आणि बिबट्या यांचे भय घेऊन. पिकाला रात्रीच पाणी हवे असते असे नाही, वीज रात्री मिळत होती एवढेच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये मोठ्या रूपात आली. तिच्यात कृषी फीडरजवळच सौर प्रकल्प उभारून पंपांना दिवसा वीज द्यायची आहे. नव्या टप्प्यातला पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे तीन मेगावॉटने सुरू झाला. एकूण उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचे आहे. महाराष्ट्राने हाती घेतलेल्या ऊर्जाबदलांत हा सर्वांत शहाणपणाचा म्हणायला हवा, कारण इथे सूर्याची वेळ आणि गरजेची वेळ जुळवता येते.

जी कामे दुपारकडे ढकलता येत नाहीत, त्यांच्यासाठी वीज साठवावी लागते. बॅटऱ्या हा एक मार्ग, आणि त्या स्वस्त होत आहेत. दुसरा मार्ग गच्चीवरच्या टाकीचाच, पण डोंगराएवढा. दुपारी जास्तीच्या विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून जनित्र फिरवायचे. टाकीतले चोवीस हजार लिटर पाणी खाली सोडले तर तीन युनिटही मिळत नाहीत, म्हणून या कामाला सह्याद्रीची उंची लागते. अकोले तालुक्यातील घाटघर येथे २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे. तिथे पाणी चारशे मीटरहून अधिक खाली, कोकणाच्या बाजूला उतरते. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवता येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या अशा प्रकल्पांसाठी करार झाला.

इथे मुळशी आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी मुळा नदीवर धरण बांधायला घेतले, तेव्हा मावळ्यांच्या सुमारे पन्नास गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह झाला. धरण झाले, १९२७ मध्ये भिरा येथे वीज तयार होऊ लागली. ती वीज धूर न काढणारी होती, आणि तरीही तिची किंमत भातखाचरे बुडालेल्या माणसांनी दिली. तीच मुळा पुढे मुठेला मिळून खराडी, मांजरीकडे वाहते. आज सह्याद्रीत नवे जलाशय आखताना जुनेच जलाशय जोडून काम भागते का हे आधी पाहिले पाहिजे, आणि जिथे भागत नाही तिथे गावांना विचारूनच पुढे गेले पाहिजे. कोळसा सोडण्याची घाई हे त्यांना न विचारण्याचे कारण होऊ शकत नाही.

वाहनांनाही घड्याळ चुकत नाही. पुण्याच्या पीएमपी बससेवेच्या ताफ्यात फेब्रुवारी २०१९ पासून विजेवरच्या बस आल्या आणि वाघोलीत त्यांचा डेपो आहे. बस रस्त्यावर धूर सोडत नाही, नगर रस्त्यावर ताटकळणाऱ्यांसाठी हा लाभ आजचाच आहे. पण रात्री चार्ज होणाऱ्या बसमागे आज मुख्यतः कोळसा असतो, त्यामुळे कार्बनमधली बचत धुराइतकी ठळक नाही. दुपारच्या फेऱ्यांमधल्या वेळेत जितके चार्जिंग होईल तितकी ती वाढेल.

विजेचे दरही आता याच दिशेने झुकू लागले आहेत. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत सौर पॅनलचा ठराव यायचा तेव्हा येईल. त्याला वर्गणी, निविदा आणि महावितरणची मंजुरी लागेल. तोवर पंपाचा टायमर कितीवर लावला आहे ते पाहा. टाकी पुरेशी मोठी असेल, तर तो पहाटे पाचवरून सकाळी अकरावर न्यायला पैसा लागत नाही.