समुपदेशनात उपदेश नसतो

‘समुपदेशन’ या शब्दाने एक घोटाळा करून ठेवला आहे. त्यात ‘उपदेश’ दडलेला असल्याने माणसे पहिल्यांदा जातात ती सल्ला घ्यायला. नोकरी सोडू की नको? सासूबाईंशी कसे वागू? तासाभराने बाहेर पडताना हातात उत्तर नसते. उलट समोरच्यानेच प्रश्न विचारलेले असतात. ‘नुसत्या गप्पा मारल्या आणि पैसे घेतले’ असे म्हणत काही जण पुन्हा तिकडे फिरकतच नाहीत. एका गोळीने ताप उतरण्याची सवय असलेल्या आपल्याला असे वाटणे साहजिकच आहे.

पहिली भेट उपचाराची कमी आणि ओळखीची जास्त असते. ती साधारण ४५ ते ६० मिनिटांची. झोप, भूक, घरात कोण कोण आहे, त्रास कधीपासून आहे, दारू-तंबाखू, घराण्यात कुणाला असे काही झाले होते का, हे सगळे विचारले जाते. कधी ‘पीएचक्यू-९’सारखी प्रश्नावली भरायला देतात. त्यात मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात आणि शेवटचा असतो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. तिथे खरे तेच लिहावे. ‘हो’ लिहिले म्हणून कुणी लगेच इस्पितळात दाखल करत नाही. विचार किती गंभीर आहेत हे पाहून पुढचे ठरते.

आपल्याकडे माणूस सहसा एकटा येत नाही. बरोबर आई असते, नवरा असतो, कधी थोरले दीरही. ‘मीच सांगतो, तिला नीट सांगता येत नाही,’ असे म्हणणारे हमखास भेटतात. चांगला समुपदेशक त्यांचे थोडे ऐकतो आणि मग त्यांना बाहेर बसवतो. त्यात त्यांचा अपमान नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. त्याला अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, किंवा अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचार कळला तर (तो पोलिसांना कळवणे पोक्सो कायद्याने बंधनकारकच आहे). हे अपवाद आपणहून सांगितले गेले नाहीत, तर विचारून घ्यावेत.

शिक्षणही विचारावे. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्या सगळ्यांची तयारी सारखी नसते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. औषधे लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. काहींना दोघांचीही गरज लागते. फी किती, भेटी साधारण किती, हेही आधीच विचारण्यात संकोच कसला? आणि मराठीत बोलता येईल का, हे तर नक्कीच. ‘अँक्झायटी’ म्हणणे सोपे असते, पण ‘जिवाला घोर लागलाय’ हे समजणारा माणूस समोर असला की बोलणे मोकळे होते.

खरी कसोटी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून लागते. दाबून ठेवलेले वर येते आणि एखाद दिवस आधीपेक्षा जड जातो. मग घरचा अभ्यास मिळतो. घटना काय घडली, मनात कोणता विचार आला, त्याने काय वाटले, याची रोज नोंद. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, त्यामुळे ही मांडणी अनेक वाचकांना ओळखीची असेल. वही कोरी राहिली तरी ते सांगावे. ती का कोरी राहिली, यातूनही बरेच कळते. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या अशा उपचारांना बहुधा ६ ते २० भेटी लागतात.

चार भेटींनंतरही आपले म्हणणे समजतच नाही असे वाटले, तर तसे तोंडावर बोलावे. त्यांचे उत्तर पटले नाही, तर दुसरीकडे जावे. जोडी जमणे हा उपचाराचाच भाग आहे.

भेटीची वेळ मिळायला उशीर असेल किंवा फी परवडत नसेल, तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाला असेल, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता हा फोन त्याच क्षणी करावा.