फायटर माशाचे आजारपण

लखनौ शहराचे माशांशी जुने नाते आहे. अवधच्या नबाबांनी आपल्या राजचिन्हात जोडमाशांना स्थान दिले. मोठ्या इमामवाड्याच्या दरवाजांवर आणि शहरातील इतर जुन्या वास्तूंवर हे मासे आजही दिसतात. पुढे उत्तर प्रदेशच्या राजमुद्रेतही दोन मासे आले. दगडातील हे मासे शतकानुशतके टिकतात. काचेच्या बरणीत पाळलेला मासा मात्र जानेवारीच्या एका थंड रात्रीतही दगावू शकतो. आपण येथे अशाच एका लहानशा माशाचा विचार करणार आहोत. शास्त्रज्ञ त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ म्हणतात, दुकानदार ‘फायटर’ म्हणतात.

हा मासा मूळचा थायलंडचा. तेथे २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. तेथील उथळ, संथ आणि उबदार पाण्यात, भातखाचरांत त्याची वस्ती असते. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक गुंतागुंतीचे इंद्रिय तयार झाले आहे. त्याच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. या एका देणगीमुळे त्याचे फार नुकसानही झाले आहे. पेलाभर पाण्यात तो लगेच मरत नाही, त्यामुळे पेलाभर पाणी त्याला पुरते असा समज पसरला. हवेची सोय झाली तरी उष्णतेची आणि स्वच्छतेची गरज काही संपत नाही.

आजार ओळखायचा तर आधी निरोगी मासा कसा असतो हे ठाऊक हवे. निरोगी फायटर परांचा पसारा मोकळा ठेवून फिरतो, माणूस जवळ आला की काचेपाशी येतो आणि अन्न दिसताच झडप घालतो. आरशात स्वतःचे प्रतिबिंब दिसले तर कल्ल्यांची झाकणे फुगवून लढण्यास सज्ज होतो. तो अधूनमधून वर येऊन हवा घेतो. हे आजाराचे लक्षण नव्हे. नराने पृष्ठभागावर रचलेला बुडबुड्यांचा थर म्हणजे अंड्यांसाठी केलेले घरटे असते. अनेक जण तो थर घाण समजून काढून टाकतात. रात्री एखाद्या पानावर निपचित पडून राहणे ही त्याची झोप असते.

आता लखनौच्या हिवाळ्याकडे वळू. जानेवारीत तेथे पहाटेचे तापमान ७-८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि धुक्यामुळे कित्येक दिवस ऊन पडत नाही. या माशाला २४ ते २८ अंशांचे पाणी मानवते. त्याच्या शरीराची उष्णता पाण्याबरोबरच कमीजास्त होते. पाणी गार पडले की त्याची हालचाल मंदावते, तो पर मिटून तळाशी बसतो, अन्नाला तोंड लावत नाही. घरातील मंडळी घाबरतात आणि दुकानातून निळे औषध आणून बरणीत ओततात. येथे चूक घडते. माशाला रोग झालेलाच नसतो; त्याला थंडी वाजत असते. वर औषधाने पाणी बिघडले की थंडीने अशक्त झालेला मासा खरोखरच आजारी पडतो. म्हणून औषधाच्या बाटलीआधी तापमापक हाती घ्यावा. २० लिटरच्या टाकीला २५ वॉटचा, आपोआप बंद-चालू होणारा हीटर साधारणपणे पुरतो. पाणी तासागणिक थोडे थोडेच तापवावे. एकदम गरम पाणी ओतू नये. वीज गेल्यास टाकीला जाड कापड गुंडाळावे, मात्र वरची हवा खेळती ठेवावी. टाकीत हात घालण्यापूर्वी हीटरची पिन काढावी.

तापमान योग्य असूनही मासा मलूल दिसला तर दुसरा संशय पाण्यावर घ्यावा. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच तयार होतो. मोठ्या टाकीतील गाळणीत वाढणारे उपकारक जीवाणू या विषाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्याहून पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. लहान बरणीत या जीवाणूंना जागाच नसते. लाल झालेले कल्ले, जलद श्वास, पृष्ठभागाशीच घुटमळणे ही विषबाधेची चिन्हे होत. अशा वेळी चौथाई ते तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी जुन्याइतकेच कोमट असावे. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो. तो माशाच्या कल्ल्यांना आणि त्या उपकारक जीवाणूंनाही मारक ठरतो. म्हणून पाण्यात क्लोरीननाशक थेंब घालावेत. बरणी साबणाने घासून, सगळे पाणी एका दमात बदलण्याची आपल्याकडची रविवारची सवय माशाच्या जिवावर बेतते.

प्रत्यक्ष रोगांपैकी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सर्वांत परिचित आहे. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे दिसतात आणि मासा दगडांवर अंग घासतो. हा एका सूक्ष्म परजीवीचा उपद्रव होय. त्याचे जीवनचक्र समजून घेतल्याखेरीज उपचार साधत नाही. माशाच्या कातडीखाली असताना परजीवी सुरक्षित असतो. पोट भरले की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्ले पाण्यात सुटतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या पिल्लांवरच. म्हणून ठिपके नाहीसे झाले की उपचार थांबवणे घातक ठरते. शत्रू तेव्हा तळाशी दबा धरून बसलेला असतो. पाणी २८ अंशांच्या आसपास ठेवल्यास हे चक्र लवकर पुरे होते आणि औषधाला संधी मिळते.

ठिपक्यांऐवजी सोनेरी धुळीची झाक दिसली तर तो निराळा परजीवी असतो. अंधारात बाजूने विजेरीचा झोत टाकल्यास ही धूळ स्पष्ट चमकते. हा परजीवी काही अंशी प्रकाशावर जगतो, म्हणून औषधाबरोबर टाकी काळोखात ठेवतात. परांच्या कडा काळ्या वा लाल होऊन झिजू लागल्या तर ती बहुधा घाण पाण्याची करणी असते. आरंभी नुसत्या स्वच्छ, कोमट पाण्यानेही पर पुन्हा वाढतात. पोट फुगून मासा तिरपा तरंगू लागला तर एक-दोन दिवस उपास घडवावा. बहुतेक वेळा कारण अतिप्रेमाने दिलेले अन्न हेच असते.

मात्र पोटाबरोबर खवलेही उभे राहिले, वरून पाहताना मासा कणसासारखा खरखरीत दिसू लागला, तर स्थिती गंभीर समजावी. शरीरातील पाणी बाहेर टाकण्याचे काम मंदावल्याची ती खूण असते. अशा अवस्थेतून फार थोडे मासे वाचतात. हे सांगणे कठोर वाटेल, पण एकामागून एक औषधे पाजून त्याचे हाल वाढवण्यापेक्षा शांत, उबदार पाणी देणे अधिक दयेचे आहे.

मीठ हा जुना उपाय आहे आणि मर्यादेत तो चांगलाच आहे. काही दिवसांसाठी दर लिटरला १ ते २ ग्रॅम साधे मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू घालावे. पाणी आटले तरी मीठ आटत नाही. म्हणून घट भरताना पुन्हा मीठ टाकू नये. माणसांची प्रतिजैविके मात्र अंदाजाने कधीच देऊ नयेत. अशा वापराने औषधाला न जुमानणारे जीवाणू तयार होतात, आणि ते पाण्याबरोबर मोरीतून बाहेर पडतात. माशांच्या क्षयाचे काही जीवाणू हातावरील जखमेतून माणसालाही बाधतात. टाकीत हात घातल्यावर तो साबणाने धुवावा. हातावर जखम असल्यास हातमोजा घालावा.

माशांच्या रोगांचा पद्धतशीर अभ्यास करणारी एक राष्ट्रीय संस्था लखनौमध्येच आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था १९८३ मध्ये अलाहाबाद येथे सुरू झाली आणि पुढे लखनौस आली. देशातील जलचरांच्या रोगांवर लक्ष ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून तिच्या पुढाकाराने चालू आहे. रोगाची खबर मोबाइलवरून देता यावी यासाठी २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे अॅपही आले. ते मुख्यतः मत्स्यपालकांसाठी आहे. बरणीतल्या एका माशासाठी कोणी तेथे धाव घेणार नाही. पण शोभेचे मासे गावोगाव पाठवले जातात आणि त्यांच्याबरोबर रोगही प्रवास करतात, याची जाणीव त्यातून होते. म्हणूनच नवा मासा आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा आणि त्याची जाळी जुन्या टाकीत बुडवू नये. आजारी मासा किंवा त्याचे पाणी गोमतीत अथवा जवळच्या तळ्यात सोडू नये. मेलेला मासा झाडाच्या बुंध्याशी खोल पुरावा, आणि रिकामी टाकी धुऊन पूर्ण वाळेपर्यंत उन्हात ठेवावी.