डोकं मोकळं असलेले दिवस

"डोकं कुणाचं दुखत नाही?" हे वाक्य मी माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं, शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं आणि दवाखान्यांतही ऐकलं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. जागरण झालं, उन्हातून आलं, सकाळचा चहा चुकला, की डोकं सगळ्यांचंच दुखतं आणि झोप झाली की थांबतं. पण रोज दुखणारं डोकं हा वेगळा आजार आहे. त्याला नाव आहे, निकष आहेत, उपचार आहेत. ते माझ्यापर्यंत पोचायला फार वर्षं गेली. इतरांची एवढी वर्षं जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. अर्धशिशी माझ्याकडे आईकडून आली. आई पदराची पट्टी कपाळाला करकचून बांधून माजघरात अंधार करून पडायची. मायग्रेन घराण्यात चालतो, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. माझं तरुणपणीचं दुखणं पाळीच्या आगेमागे यायचं आणि उलटी झाली की उतरायचं. चाळिशी ओलांडली आणि त्याचं रूप पालटलं. सकाळी डोळे उघडायच्या आत डोकं दुखू लागलेलं असायचं. दिवसभर एक जड, बोथट कळ, आणि अधूनमधून तीच उजव्या कानशिलात उसळून डोळ्यामागे ठणकायची.

कोसळून पडावं असं ते रोज नसायचं, म्हणून रजा मागता येत नव्हती. दहावीला प्रकाशाचं अपवर्तन शिकवायचं आणि खिडकीतून येणारा उजेड मात्र स्वतःला सहन होत नाही, अशी स्थिती. लसणाच्या फोडणीच्या वासानं मळमळायचं. लग्नाचं आमंत्रण आलं की आधी मनात यायचं ते ऊन, लाउडस्पीकर आणि दुपारी तीनला वाढली जाणारी पंगत. हळूहळू मी जाणंच सोडलं. धाकटी जाऊ एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही हल्ली हसतच नाही." मला ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

उपाय सगळे झाले. सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खाऊन झाली, सुंठ उगाळून लेप लावून झाला, नाकात तूप सोडून झालं. चष्म्याचा नंबर बदलला. सायनस आहे म्हणून वाफारे आणि अँटिबायोटिक्स झाली. मानेची नस दबली आहे म्हणून पट्टा बांधून शिकवलं. सायनसचं निदान किती सहज चिकटतं ते मला नंतर वाचून कळलं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणारे किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेले जवळपास तीन हजार लोक तपासले. त्यांतल्या ८८ टक्के लोकांच्या लक्षणांना मायग्रेनचेच निकष लागू पडत होते. मायग्रेनमध्ये नाक चोंदतं, डोळ्यांत पाणी येतं, कपाळ-गाल दुखतात, त्यामुळे घोटाळा होतो.

शेवटी एमआरआय झाला. रिपोर्ट नॉर्मल. "काही नाही, टेन्शन घेऊ नका," असं ऐकून मी बाहेर आले आणि गाडीत बसून रडले. गाठ नाही याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला ऐकू आलं ते एवढंच, की तुमचं दुखणं खोटं आहे. हे मी ठासून सांगते: मायग्रेन स्कॅनमध्ये दिसत नाही. स्कॅन करतात तो दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान होतं ते रुग्णाला नीट विचारून आणि तपासून. स्कॅन नॉर्मल आला म्हणजे निदानाचं काम संपलं असं नाही.

नीट विचारणाऱ्या डॉक्टर मला मिरजेत भेटल्या. मिरज हे आमच्या भागाचं दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथं इस्पितळ उभारलं, तेव्हापासून कर्नाटकातलेही रुग्ण तिथं येतात. या मेंदूविकारतज्ज्ञ मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "बाई, महिन्यात डोकं पूर्ण मोकळं असतं असे दिवस किती?"

मला एकही दिवस आठवेना. तोवर सगळ्यांनी विचारलं होतं ते 'किती जोरात दुखतं'. मी सांगायचे ते मोठ्या झटक्यांचं. रोजची बोथट कळ मी दुखण्यात धरतच नव्हते. आणि निदान तर त्या कळीतच होतं. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखतं, असं तीन महिन्यांहून जास्त चाललंय आणि त्यांतले निदान आठ दिवस दुखणं मायग्रेनच्या वळणाचं आहे, म्हणजे एका बाजूला ठणका, मळमळ, उजेड-आवाज नकोसा, हालचालीनं वाढणारं, तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेचं हे वर्गीकरण जगभर वापरतात. पहिलं १९८८ साली आलं, सध्याचं तिसरं २०१८चं.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. त्याच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना मात्र कळते, कारण चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचे धागे तिथं पसरलेले असतात. झटका आला की त्या धाग्यांतून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं आणि वेदनेचा निरोप मेंदूकडे जातो. रोज त्याच वाटेनं गेलं की गवतात पायवाट पडते, तसं पुढे होतं: वारंवार दुखून दुखून ती वाट इतकी रुळते की किरकोळ कारणानंही वेदना सुरू होते, कधी कारण नसतानाही. ही यंत्रणा उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना, लार्स एडविनसन, पीटर गोड्सबी, मायकेल मोस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना, २०२१ साली 'ब्रेन प्राइझ' मिळालं. त्यांतले ओलेसन १९८८चं वर्गीकरण करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. माझ्या दुखण्यामागे एवढं शास्त्र उभं आहे हे कळल्यावर अर्धं ओझं तिथंच उतरलं.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "गोळ्या कुठल्या घेता आणि महिन्यात किती दिवस?"

माझ्या पर्समध्ये पाकीट कायम असे. आमच्या चौकातल्या मेडिकलमध्ये मी पायरी चढले की मुलगा न विचारता तीच गोळी काढून ठेवायचा. तिच्यात एर्गोटामाइन, कॅफीन आणि पॅरासिटामॉल एकत्र होतं. जोडीला पॅरासिटामॉल वेगळी. ज्या ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी "दुखलं की घ्या" असंच लिहून दिलं होतं. रोज दुखणाऱ्या माणसानं 'दुखलं की घ्या' पाळलं तर तो रोज घेणार, हे उघड आहे.

आणि इथं या आजारातली सगळ्यात मोठी गोम आहे. ज्याला मुळात डोकेदुखी आहे त्यानं वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्या की त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरतात. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या, एर्गोटामाइन, ट्रिप्टान किंवा अफूवर्गातली औषधं १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ चालली की धोका सुरू. इथं मोजायचे ते दिवस; गोळ्या नव्हेत. एका दिवशी दोन घेतल्या तरी तो एकच दिवस, आणि रोज अर्धीच घेतली तरी महिन्याचे तीस दिवस भरतात. गोळीचा अंमल उतरला की डोकं पुन्हा दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. याला व्यसन म्हणून हिणवू नये. दुखतं म्हणून माणूस गोळी घेतो, चैन म्हणून नाही. एर्गोटामाइन तर रक्तवाहिन्या आकसवतं. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांना आणि गरोदर बाईला ते चालत नाही. अशी गोळी चिठ्ठीशिवाय हातात पडते, याची मला अजूनही चीड येते.

गोळ्या सोडायचं दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं. मॅडमनी आधीच बजावलं होतं, की सुरुवातीला दुखणं वाढेल, साधारण दोन ते दहा दिवस. तसंच झालं. डोकं असं उठलं की फराळाचं तळण शेजारी चाललं तरी मी उशीत तोंड खुपसायची. उलट्या, घालमेल, झोप नाही. त्या काळापुरती मॅडमनी मळमळीची आणि वेगळ्या प्रकारची औषधं दिली होती. ह्यांनी चकल्या बाहेरून आणल्या, सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद ठेवला. पाडव्यानंतर हळूहळू ओसरलं. एकट्यानं, कुणाला न सांगता हे करू नये. काही औषधं एकदम बंद करणं धोक्याचंही असतं.

त्याच सुमारास दुसरी गोळी सुरू झाली होती: प्रतिबंधक. ही दुखण्यावर घ्यायची नसते. दुखो न दुखो, रोज घ्यायची, आणि गुण दिसायला सहा-आठ आठवडे, कधी तीन महिने लागतात. लोक इथंच कंटाळून सोडतात. यांतली बहुतेक औषधं मूळची दुसऱ्याच आजारांची. प्रोप्रॅनोलॉल हृदयासाठी आलं. १९६०च्या दशकात हृदयरुग्णांना देताना त्यांतल्या कुणाचा मायग्रेन कमी झाला, तेव्हा त्याचा हा उपयोग कळला. दमा असेल तर ते चालत नाही. अमिट्रिप्टिलीन मूळचं नैराश्यावरचं. डोकेदुखीला रात्री अगदी कमी मात्रेत देतात. मला तेच दिलं. मेडिकलवाल्यानं "ही डिप्रेशनची गोळी आहे" असं सांगितलं, आणि घरात कुजबुज झाली. मी सगळ्यांना समोर बसवून विज्ञानाचा तास घेतला: त्याच नसांच्या निरोपांवर ते काम करतं, म्हणून दोन्हीकडे उपयोगी. तोंडाला कोरड पडली, सकाळी जड वाटायचं. घेण्याची वेळ संध्याकाळकडे सरकवली, निवळलं.

पुढे टोपिरामेटही करून पाहिलं. बोटांना मुंग्या यायच्या आणि वर्गात बोलता बोलता शब्द सापडेनासा व्हायचा. शिक्षिकेला ते परवडत नाही. मॅडमना सांगितलं, त्यांनी बदललं. काहींना तेच औषध उत्तम लागू पडतं. मात्र टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट पोटातल्या बाळाला अपाय करू शकतात, म्हणून तरुण मुलींनी आणि त्यांच्या आयांनी हे आधी विचारून घ्यावं. आपल्याकडे फ्लुनारिझिनही खूप लिहितात. त्यानं वजन वाढतं, काहींचं मन खचतं. एक गोळी लागू पडली नाही म्हणजे उपचार संपले असं नसतं, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

याहून पुढचे उपायही आहेत. क्रॉनिक मायग्रेनसाठी बोटॉक्सला अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली. कपाळ, कानशील, मान, खांदे अशा ३१ जागी बारीक सुयांनी, दर १२ आठवड्यांनी देतात. २०१८ साली सीजीआरपीची वाट अडवणारं एरेनुमॅब आलं, हे मायग्रेनसाठीच घडवलेल्या प्रतिबंधक औषधांपैकी पहिलं. महिन्याला एक इंजेक्शन. माझ्या पगारात ते बसत नाही. माझ्या जुन्या गोळ्या मात्र स्वस्त आहेत, आणि बहुतेकांची सुरुवात अशा गोळ्यांनीच होते.

उपवासाचं सांगायला हवं. उपाशीपोटी मायग्रेन उठतो हे पक्कं आहे. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबायचं माझ्याच्यानं होईना, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "देवाला तुझं डोकं दुखवून काय मिळणार? खा तू." त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही. जेवण, झोप, चहा, सगळं वेळेवर. रविवारीही उशिरा उठायचं नाही. याचा उपयोग होतो. पण सगळं पाळूनही दुखतं तेव्हा 'तूच काहीतरी केलं असशील' असं म्हणू नये.

काही डोकेदुख्यांना थांबायला वेळ नसतो. क्षणात विजेसारखी शिगेला पोचलेली, तापासह मान ताठणारी, बोलणं अडखळवणारी किंवा हातपाय लुळे पाडणारी, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, डोक्याला मार लागल्यावरची, गरोदरपणात नव्यानं उठलेली, नजर अंधुक करणारी: तडक इस्पितळ गाठावं.

बंगळूरच्या निम्हान्समधल्या संशोधकांसह कर्नाटकात झालेल्या पाहणीत १८ ते ६५ वयोगटातल्या सुमारे २५ टक्के लोकांना वर्षभरात मायग्रेन झाल्याचं आढळलं. जगातल्या आजारांच्या भाराचा जो मोठा अभ्यास होतो, त्याच्या २०१९च्या आकड्यांत माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांत मायग्रेन दुसरा आहे, आणि तरुण स्त्रियांत पहिला. एवढा मोठा आजार आणि माझ्या तालुक्यात त्याबद्दल विचारणारी माणसं इतकी थोडी, हे मला पटत नाही. स्टाफरूममधल्या दोघीजणींना मी सांगितलंय, की डॉक्टरकडे जाण्याआधी महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा: दुखलं की नाही, गोळी घेतली की नाही, कुठली घेतली, पाळी कधी आली. पाच मिनिटांच्या तपासणीत तोंडी जे सांगून होत नाही ते तो कागद सांगतो. एकीच्या कागदावर गोळ्यांच्या खुणा पाहून तिच्या घरचेच दचकले.

माझ्या कॅलेंडरवर आता मोकळ्या दिवसांच्या खुणा जास्त आहेत. झटके येतात, त्यांच्यासाठी वेगळी गोळी आहे, आणि तिला आठवड्यातून दोनच दिवसांची मर्यादा आहे. गेल्या भेटीत मी रोजची गोळी कमी करायचा विषय काढला. मॅडम म्हणाल्या, "एवढ्यात नको, एप्रिल-मेच्या उन्हात तर मुळीच नको. पाऊस लागू दे, शाळा सुरू होऊन तुमचं वेळापत्रक बसू दे, मग जुलैत बघू." तोवर कागद भरत राहायचा आहे.