अभ्यासरेखाटन

प्रत्यक्ष निसर्ग, प्राणी वा मनुष्याकृती समोर ठेवून निरीक्षणासाठी केलेले रेखाटन. पूर्ण चित्राची पूर्वतयारी हा त्याचा सामान्य हेतू. तथापि वस्तूचे यथातथ्य ज्ञान करून घेणे एवढाच उद्देशही त्यामागे असू शकतो. डच कलेत या प्रथेला विशेष महत्त्व आले. कारेल व्हान मांडर याने १६०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रकारविषयक ग्रंथात प्रत्यक्षावरून काढलेले व मनातून काढलेले चित्र असा भेद केला आहे. रेम्ब्रँटने १६३७ मध्ये खडूने काढलेला हत्ती हे पहिल्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय.

महाराष्ट्रात या पद्धतीचे लक्षणीय काम अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट या चित्रकाराने केले. पेशवे दरबारातील ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने पेशव्यांच्या संग्रहातील प्राणी, व्यायामपटू, पर्वतीचा परिसर व वेरूळची लेणी चितारली. त्याचा गेंडा १७९० मधील आहे. आल्ब्रेख्त ड्यूररने १५१५ मध्ये गेंडा स्वतः न पाहता, इतरांच्या वर्णनावरून व रेखाटनावरून चित्रित केला. त्यामुळे त्याची कातडी चिलखतासारखी झाली व पाठीवर एक जादा शिंग आले. यूरोपात ती प्रतिमा दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. गंगारामच्या चित्राला आधार होता तो पुण्यात पाहिलेल्या जिवंत प्राण्याचा. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–९५) १७९१ मध्ये मुंबईस आला व नंतर पुण्यात काम करू लागला. गेंड्याचे चित्र त्यापूर्वीचे असल्याने गंगारामची निरीक्षणदृष्टी केवळ वेल्सच्या सहवासातून आली, असे म्हणता येत नाही.

अभ्यासरेखाटन साधनरूप मानले गेल्याने त्याच्या कर्त्याचे नाव सहज मागे पडते. वेरूळची खोदचित्रमाला टॉमस डॅन्यलने १८०३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केली. तिच्यावर रेखाटनकार म्हणून वेल्सचे नाव आहे. वेरूळचे रेखाटन करणारा गंगाराम मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिला. त्याची अनेक चित्रे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात जतन केलेली आहेत. उत्तर पेशवाईतील पुण्याचे प्राणी, माणसे व वास्तू एका मराठी चित्रकाराने कशा पाहिल्या, याचा तो दुर्मिळ पुरावा होय.